मागची खोली बारमाही थंड

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी किल्ली आहे, आणि जे कुलूप उघडण्यासाठी माझा जन्म झाला ते कुलूप आता कुठेच नाही. ते दारासकट भंगारात गेले. कुलूप नसलेल्या किल्लीला लोक निरुपयोगी म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. पण त्या घराची गोष्ट पहिल्यापासून ठाऊक असलेले आता माझ्याखेरीज कुणी उरलेले नाही. म्हणून थोडा वेळ बसा आणि ऐका.

मला एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याने कानशीने घासून घडवले. त्याला डाव्या डोळ्याने कमी दिसे, म्हणून दाते घासताना तो मला अगदी नाकाजवळ धरी. त्याचा ऊन श्वास अजून आठवतो. पहिल्यांदा कुलपात फिरले तेव्हा एका फेऱ्यात दार उघडले. "झकास," मालक म्हणाला आणि त्याने मला खिशात टाकले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

घर बैठे होते, एकामागे एक तीन खोल्या. मागे छोटे अंगण आणि अंगणात जुनी विहीर. घरात नळ आल्यापासून तिचे पाणी कुणी ओढत नव्हते. मालकाला आणखी एक खोली हवी होती आणि जागा तेवढीच होती. त्याने विहिरीच्या तोंडावर लाकडी तुळया टाकल्या, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर खडी आणि चुना, आणि त्यावर काळी फरशी.

"बुजवून घेतली असती तर बरं झालं असतं," गवंडी म्हणाला.

"माती केवढी लागेल, माहीत आहे का? झाकली काय नि बुजवली काय, दिसणार नाही. दिसणार नाही म्हणजे झालं."

खोली छान झाली. बाहेर ऊन मी म्हणत असले तरी त्या खोलीत गारवा असे. मालकाने पुढची सारी वर्षे तिथेच खाट टाकून काढली. म्हातारपणी तो एकटाच बडबडत पडलेला असे. तो गेल्यावर परगावी राहणाऱ्या त्याच्या सुनेने घर भाड्याने द्यायचे ठरवले आणि मी एका दलालाच्या कचेरीत आले.

या दलालांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. त्यांची कचेरी चौकातली एक खोली होती. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळ्यांच्या चार ओळी आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका घराची किल्ली. प्रत्येकीच्या गळ्यात कागदी चिठ्ठी. सुनेने काकांना विहिरीचे सांगून टाकले होते. काकांनी माझ्या चिठ्ठीवर पुढे घराचा नंबर लिहिला आणि मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिले: 'वि.'

काका लबाड नव्हते, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते. ते खोटे कधीच बोलत नसत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते अभिमानाने सांगत, "विचारलं तर लपवायचं नाही. न विचारलं तर बोलायचं नाही."

पहिली भाडेकरू आली ती एक शिंपीणबाई. मुलगा कामावर गेला की ती मागच्या खोलीत मशीन चालवी. मी पुढच्या दाराशी खिळ्यावर लटकलेली असे, पण घर सरळ रेषेत असल्याने सगळे ऐकू येई. ती मापे मोठ्याने म्हणत कापड कापी, "छत्तीस. अठ्ठावीस. साडेसोळा." तीन महिने सुखात गेले. मग एका दुपारी मशीन मधेच थांबले. खोलीतून दुसराच आवाज आला, जाडसर, म्हातारा, फरशीच्या खालून यावा तसा.

"दिसणार नाही."

तो आवाज मी ओळखला. ज्याच्या खिशात मी वीस वर्षे काढली त्याचा तो आवाज होता. शिंपीणबाई कशी ओळखणार? तिची रोजीरोटी डोळ्यांवर होती. तिला वाटले, कुणीतरी आपल्या डोळ्यांचेच भविष्य सांगते आहे. अकराव्या महिन्यात तिने घर सोडले. किल्ली परत देताना ती काकांना म्हणाली, "खोलीत कुणीतरी बोलतं हो." काका हसले नाहीत. "जुनं घर आहे," एवढेच म्हणाले.

मधे बरीच वर्षे घर रिकामेच पडून होते. मग दुसरे आले निवृत्त मास्तर. ते मागच्या खोलीत मुलांना गणित शिकवत. कुणाचे उत्तर चुकले की पाटीवर बोट आपटून म्हणत, "चूक. पुन्हा." काही दिवसांनी त्यांना खालून आकडे ऐकू येऊ लागले. छत्तीस, अठ्ठावीस, साडेसोळा. मास्तरांनी ते वहीत उतरवून काढले. दोन पाने भरल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "याला काही क्रमच लागत नाही." भुतापेक्षा त्यांना त्याचाच अधिक त्रास झाला असावा. सात महिन्यांनी तेही गेले.

नंतर दोघी बहिणी आल्या, दोघीही परिचारिका. रात्रपाळी करून आल्या की थंड खोलीत दुपारी झोपत. आल्याला पंधरा दिवस झाले असतील. भर दुपारी थोरली ताडकन उठून बसली. फरशीखालून कुणीतरी शांतपणे म्हणत होते, "चूक. पुन्हा." आपण पहाटे कुणाला चुकीचे औषध तर दिले नाही, या धास्तीने ती तशीच चपला पायात अडकवून रुग्णालयात गेली. चूक काही नव्हती. पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली, आणि तीन महिन्यांत त्यांनीही मला परत केले.

साधी विहीर आवाज लगेच परत देते. ही देत नव्हती. ती तो ठेवून घेई, माणूस निघून जाईपर्यंत. आणि मग जो पुढे येईल त्याच्या हवाली करी.

प्रत्येक नव्या भाडेकरूमागे काकांना दलाली मिळे. "ही माझी कमावती लेक," ते मला बोटावर फिरवत म्हणत. कौतुकाने किल्लीला गंज चढत नाही म्हणतात. मला मात्र त्या शब्दांनी आतून काहीतरी चढल्यासारखे वाटे. दरवेळी ते नव्या माणसाला घेऊन जात, मागच्या खोलीत उभे राहत आणि तेच वाक्य म्हणत, "बारमाही थंड. पंखासुद्धा लागणार नाही." ते खरेच होते ना?

मग काकांची पुतणी कचेरीत आली. तिचे वय सव्वीस, पण काका तिला अजून 'चिमणे' म्हणत, म्हणून आपणही चिमणीच म्हणू. तिने काकांना पटवून घरांच्या जाहिराती वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. काका बाजूला बसून मजकूर सांगत आणि ती लिही. माझ्या घराचा मजकूर असा होता: 'तीन खोल्या, शिवाय मागची प्रशस्त खोली बारमाही थंड. शांत वस्ती.'

"जास्त लिहू नकोस," काका म्हणाले. "जाहिरात म्हणजे दाराची फट. फटीतून थोडं दिसलं की माणूस दार ढकलतो."

ती जाहिरात वाचून एक बसड्रायव्हर, त्याची बायको आणि त्यांचे आठ महिन्यांचे बाळ आले. ते राहत होते तिथे पत्र्याचे छप्पर होते आणि उकाड्याने बाळाच्या अंगभर पुरळ उठले होते. मागच्या खोलीत पाऊल टाकताच ड्रायव्हरच्या बायकोने डोळे मिटून श्वास घेतला. "इथे झोपेल हा," ती म्हणाली. तिने छताच्या कडीखाली, खोलीच्या बरोबर मध्यावर, पाळण्याची जागाही ठरवून टाकली. बाळाला क्षणभर खाली ठेवले. ते रांगत मध्यावर गेले, फरशीला गाल टेकवला, आणि कुणीतरी कानात गुदगुल्या करणारी गोष्ट सांगावी तसे खुदकन हसले. पुन्हा ऐकले, पुन्हा हसले. आईला गंमत वाटली. काकांनी नजर दुसरीकडे वळवली.

रविवारी सामान आणायचे ठरले. तीन दिवस आधी चिमणी मला घेऊन एकटीच घरी गेली, जाहिरातीतले अंधारे फोटो बदलायला. दुपारचे दोन वाजले असतील. मागच्या खोलीत तिने एक फोटो काढला, दुसरा काढला. तिसऱ्याच्या वेळी कुणीतरी म्हणाले, "चूक. पुन्हा."

तिने मागे वळून पाहिले. बाहेरचे दार मीच बंद केलेले होते. तिने खरोखरच पुन्हा फोटो काढला. मग आकडे सुरू झाले. ती भिंतीला पाठ लावून ते सगळे ऐकत उभी राहिली, पळाली नाही. मला मात्र तिने मुठीत इतके घट्ट धरले की माझे दाते तिच्या तळव्यात उमटले. मूठ उघडली तेव्हा तिचे लक्ष चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गेले.

कचेरीत येऊन तिने मला काकांसमोर टेबलावर ठेवले.

"काका, 'वि.' म्हणजे काय?"

"विकाऊ." काका खोटे बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"घर तर भाड्याचं आहे."

काका चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसला. "विहीर," ते म्हणाले. "खोलीखाली आहे. झाकलेली आहे. कधी काही झालेलं नाही."

"आणि आवाज?"

"तू ऐकलास?"

"तुम्ही?"

काकांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळले नाही, पण चिमणीला कळले.

"रविवारी तिथे लहान मूल राहायला येतंय, काका."

"त्यांनी विचारलं का? नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"जे माहीतच नाही ते माणूस विचारणार कसं? 'घराखाली विहीर आहे का हो' असं कोण विचारतं?"

"चिमणे, ऐक. सगळं असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. एकदा लिहिलेलं घराला चिकटतं, पुढे दुरुस्ती केली तरी पुसलं जात नाही. त्या पलीकडच्या बंगल्यातले नवराबायको वेगळे झाले म्हणून तो विकायला काढलाय. तेही लिहिशील?"

"ते नाही लिहायचं. माणसांचं लिहायचं नाही, घराचं लिहायचं."

"मग आवाज कुणाचे? माणसांचे की घराचे?"

काकांचा प्रश्न खोटा नव्हता. चिमणी संगणकाकडे वळली. मग तिने मजकूर बदलला. 'मागची खोली बारमाही थंड आहे, कारण तिच्याखाली जुनी विहीर आहे. विहीर बुजवलेली नाही, झाकलेली आहे. खोलीत कधीकधी बोलण्याचे आवाज येतात. कारण आम्हांला माहीत नाही. आधीचे तीन भाडेकरू एका वर्षाच्या आत घर सोडून गेले.'

तिने ड्रायव्हरलाही फोन करून तेच वाचून दाखवले. तो म्हणाला, "झाकलेली आहे ना? मग आम्ही येतो. आवाजाचं काय एवढं, इथे शेजारी रात्रभर भांडतात. पोराला उकाड्यातून बाहेर काढायचंय, ताई."

सगळे सांगूनही माणूस येतोच म्हणाला, की सांगणाऱ्याने काय करावे? चिमणीला कळेना. काका म्हणाले, "बघ. उगाच आरडाओरडा केलास."

पण जाहिरात आणखी कुणीकुणी वाचत होते. लोक ती एकमेकांना दाखवून हसत होते. काही घरमालकांनी येऊन आपापल्या किल्ल्या परत मागितल्या. "तुमची पोरगी घरं देते की घरांची उणीदुणी काढते?" एकाने काकांना तोंडावर विचारले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फळीवरचे नऊ खिळे रिकामे झाले. काका त्या खिळ्यांकडे बघत बसून राहिले.

शनिवारी सकाळी एका म्हाताऱ्याचा फोन आला. तो उभा जन्म विहिरी खणत आला होता आणि ती जाहिरात त्याच्या सुनेने त्याला गंमत म्हणून वाचून दाखवली होती. तो हसला नव्हता.

"झाकून किती वर्षं झाली?"

चिमणीने काकांना विचारले. "तीस तरी."

"वर काय टाकलंय? लोखंड की लाकूड?"

हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. काका नव्हेत, भाडेकरू नव्हेत, चिमणीही नव्हे. मला उत्तर ठाऊक होते, पण किल्लीला तोंड नसते. चिमणीने परगावी मालकाच्या सुनेला फोन लावला. सासऱ्यांनी लाकडी तुळया टाकल्याचे तिला पुसट आठवत होते.

"मी येतो," विहीरवाला म्हणाला. "तोवर आत कुणाला जाऊ देऊ नका."

तो दुपारी आला. सोबत पहार आणि दोरी. काका आले, चिमणी आली. आणि नेमके त्याच वेळी ड्रायव्हर आणि त्याची बायको पाळणा ठेवून जायला आली होती. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपले होते. विहीरवाल्याने सगळ्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले. कमरेला दोरी बांधून दुसरे टोक ड्रायव्हरच्या हातात दिले आणि भिंतीच्या कडेने सरकत, पहारीने एकेक फरशी ठोकत गेला. कडेला टण्ण आवाज येई. मध्यावर आला तेव्हा तो आवाज ढब्ब असा, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. तो थांबला. पालथा पडून त्याने पहारीच्या टोकाने एक फरशी उचकटली.

खालची खडी आपोआप सरकली आणि नाहीशी झाली. ती पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत मी माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब शांतता ऐकली. त्याने हात घालून तुळईचा एक तुकडा बाहेर काढला आणि मुठीत दाबला. त्याचा भुगा बोटांमधून गळला.

"हिच्यावर पाळणा बांधणार होता?" त्याने विचारले.

तेवढ्यात गार हवेचा एक लोट वर आला, आणि त्याच्यासोबत ते सगळे आले. छत्तीस, अठ्ठावीस. चूक, पुन्हा. दिसणार नाही. दोघी बहिणींचे दबके हसणे. एकावर एक, घाईघाईने, बंद खोलीतून माणसे बाहेर पडावीत तसे. मग एक लहान बाळ खुदकन हसले. ड्रायव्हरच्या बायकोने खांद्यावर बघितले. तिचे बाळ झोपलेलेच होते. तिने त्याला छातीशी आवळले आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी काकांचा आवाज आला. "बारमाही थंड. पंखासुद्धा लागणार नाही." दहा वर्षांपूर्वीच्या काकांचा. मग थोड्या थकलेल्या काकांचा. मग आताच्या काकांचा. तेच वाक्य, तीच लकब, पुन्हा पुन्हा. काका उंबऱ्यावर बसले. त्यांनी कान झाकले नाहीत. शेवटचा आवाज विरेपर्यंत ते ऐकत राहिले, आणि मग चिमणीला म्हणाले, "हे सगळं मी बोललोय."

नंतर मालकाच्या सुनेने मागची खोली पाडून घेतली. विहिरीला कठडा आला, वर जाळी आली. त्या कामात पुढचे दारही काढले गेले आणि माझे कुलूप गेले.

काकांनी मात्र मला खिशात ठेवले आणि ते जुन्या भाडेकरूंच्या घरी निघाले. मास्तरांना आकड्यांचा उलगडा झाला तेव्हा ते एवढे खूश झाले की रागवायचेच विसरले. थोरल्या परिचारिकेने सगळे ऐकून घेतले आणि दार लावले. शिंपीणबाई सगळ्यांत शेवटी सापडली. तिने शिवणकाम केव्हाच सोडले होते. मुलाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले होते. डोळे चांगले निघाले, तेव्हा डोक्याच्या डॉक्टरकडे नेले होते.

"ते तुमच्या डोळ्यांविषयी नव्हतं, बाई," काका म्हणाले. "विहिरीविषयी होतं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "अरे, बाहेर ये जरा. हे काय म्हणतात ते ऐक. आणि हो, पुन्हा पहिल्यापासून सांगा."

काकांनी पहिल्यापासून सांगितले.

कचेरीचा धंदा पहिल्यासारखा झाला नाही, हे खरे आहे. नऊपैकी चार किल्ल्या परत आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. ड्रायव्हरच्या कुटुंबाला चिमणीने दुसरे घर मिळवून दिले. त्याची जाहिरात मला पाठ आहे: 'वरचा मजला. दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल. समोर पिठाची गिरणी, सकाळी सातपासून आवाज. शयनघर थंड, कारण खिडकीसमोर झाड आहे.' त्यांनी ते सगळे वाचले, चार प्रश्न विचारले आणि घर घेतले.

मी आता चिमणीच्या जुडग्यात असते. कुलूप नसलेली मी एकटीच. नवे घर जाहिरातीत टाकण्याआधी ती तिथे एक दुपार एकटी बसते. फोन बंद करते, फरशीवर हात टेकते आणि ऐकते. काल आम्ही एका नव्याकोऱ्या इमारतीत दहाव्या मजल्यावर गेलो होतो. खाली विहीर नाही, आधी कुणी राहिलेले नाही, रंगाचा वाससुद्धा गेलेला नव्हता. दोन तास बसून तिने लिहिले, 'आवाज येत नाहीत.' थोडे थांबली. मग सुरुवातीला एक शब्द घातला: 'अजून आवाज येत नाहीत.'

मित्रांनो, घर घ्यायला जाल तेव्हा मोकळेपणाने विचारा, आणि तुम्हांला काही ठाऊक असेल तर कुणी विचारण्याची वाट पाहू नका. आणखी एक विनंती आहे. ज्या घरात राहाल तिथे जपून बोला. तुम्ही निघून गेल्यावर त्या खोलीत कुणीतरी झोपणार आहे.